कॉम्प्युटरची शाल

आमच्या गावात कॉम्प्युटरमधलं माझ्याइतकं कुणालाच कळत नाही. म्हणजे बटण कुठलं ते मला कळतं; फक्त ते मला कुणी दाबू देत नाही.

वाचनालयाचा नवा कॉम्प्युटर सारखा आपोआप बंद पडायला लागला. दृष्ट लागली म्हणून मी त्याला लिंबू-मिरची बांधली. अध्यक्ष आप्पासाहेब गुंजाळ माझ्याहून हुशार! त्यांनी तो विकणाऱ्या रेवतीलाच बोलावून झापलं, "प्रोसेसर मेलेला माल गळ्यात मारलास! आज सभेत सगळ्यांना सांगतो. मग बघू, तुझ्या दुकानाची पायरी कोण चढतं!"

दुकान नवंकोरं, पोरीचं तोंड उतरलं. तिने कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला, तर चटकाच बसला. उद्घाटनाच्या दिवशी आप्पासाहेबांनी त्याचा सत्कार केला होता; तेव्हापासून ती जाडजूड शाल त्याच्या अंगावरच होती!

"आप्पासाहेब, प्रोसेसर मेला नाही, त्याला उकडतंय. फार तापला की जीव वाचवायला तो स्वतःच बंद पडतो. ती शाल काढा."

"माझ्या हातची शाल काढू? सत्काराचा अपमान होईल!"

"पोरी, त्यापेक्षा त्याला माठातलं पाणी पाज," मी मध्येच सुचवलं.

रेवतीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आप्पासाहेब, तुमचे तर ढीगभर सत्कार झाले. तुम्ही शाल किती वेळ पांघरता?"

"फोटो निघेपर्यंत!" आप्पासाहेब छाती फुगवून म्हणाले.

रेवतीने भिंतीवरच्या उद्घाटनाच्या फोटोकडे बोट दाखवलं. "मग याचा फोटो निघून तर महिना झाला की!"