पेल्याला दिलेली ऊब

एकदा एक तरुण देशावरचे ऊन मागे टाकून डोंगर चढून वर आला आणि एका द्राक्षमळ्याच्या फाटकाशी बराच वेळ नुसताच उभा राहिला. आत जाऊन काय बोलावे, हे त्याला सुचत नव्हते. अखेर मळ्यात छाटणी करणाऱ्या वृद्धानेच हाक दिली, "पाहुणे, फाटकाला कडी नाही. ढकललं की उघडतं."

तरुणाचे नाव भानुदास. वृद्धाला सगळा डोंगर तात्या म्हणत असे. तात्या, त्यांचा मुलगा आणि सून सगुणा, एवढ्या तीन माणसांच्या हातांवर तो मळा आणि त्याखालचे वाइनचे तळघर चालत असे. घर लहान, पण नाव चोख. भानुदासला तिथे राहून ती विद्या शिकायची होती. तात्यांनी त्याला ठेवून घेतले.

देशावरच्या बागांत वाढलेल्या भानुदासला गोड झालेले द्राक्ष म्हणजे पिकलेले द्राक्ष, एवढेच ठाऊक होते. डोंगरावर सकाळचे धुके दहा वाजेपर्यंत वेलींवरून उठत नसे आणि काढणी खालच्यापेक्षा महिनाभर उशिरा होई. पहिल्याच हंगामात त्याचा धीर सुटला. घड गोड लागताच तो टोपल्या घेऊन निघाला. तात्यांनी एक मणी तोडून त्याच्या हातावर ठेवला.

"चाव. बीसकट."

बी कच्चे होते. भानुदासचे तोंड कडू झाले.

"गोडी गराला लवकर येते," तात्या म्हणाले, "बी मागून येतं. इथली थंडी बीसाठी थांबते. ती या घरातली वडीलधारी आहे बाबा, तिला घाई करायची नाही."

भानुदासने ते मनात जपून ठेवले. तो बोलायचा कमी, पण शिकायचा मन लावून. दोन वर्षांत छाटणी, काढणी, रस काढणे, आंबवणे ही सारी कामे त्याच्या अंगवळणी पडली. तळघरातली एक रीत मात्र त्याला फार आवडे. लाकडी पिंप थोडी थोडी वाइन स्वतःच पिऊन टाकते. लाकडातून ती उडून जाते आणि पिंपात वरती जागा रिकामी होते. त्या रिकाम्या जागेत हवा बसते आणि हवा वाइनला आंबट शिरक्याकडे, म्हणजे व्हिनेगरकडे, ओढते. म्हणून दर सोमवारी तात्या झारी घेऊन तळघरात उतरत, प्रत्येक पिंपाचे बूच काढत आणि मागच्या सालच्या वाइनने ते काठोकाठ भरत. याला त्या घरात 'तूट भरणे' म्हणत. झारीची धार, बुचावरचा तात्यांच्या मुठीचा हलका ठोका आणि पुढचे पिंप. देवघरातल्या पूजेसारखे ते शांतपणे चाले.

तिसऱ्या हंगामात तात्यांनी त्याला एक पिंप दिले. "हे तुझं. द्राक्षं तू निवड, रस तू काढ, सांभाळ तू. दसऱ्यानंतर वाइन घ्यायला शेठजी येतील, तेव्हा बघू."

त्या घराचा नियम होता. शिकणाऱ्याचे पहिले पिंप व्यापाऱ्याने चाखून पसंत केले, तर त्यावर घराचा लोखंडी ठसा तापवून उमटवायचा, वेलीच्या पानाचा, आणि पानाखाली शिकणाऱ्याचे नाव. मग तो शिकाऊ राहत नसे, त्या घरचा कारागीर होई. भानुदासने गावी वडिलांना निरोप धाडला होता, 'दसऱ्यानंतर पिंपावर माझे नाव येईल.' वडील त्याला लहानपणापासून म्हणत आले होते, "हा दारात उभा राहील, आत काही जायचा नाही." त्या वाक्याला उत्तर म्हणून भानुदासपाशी एवढे एकच पिंप होते.

म्हणूनच त्याच्या हातून चूक झाली.

सोमवारी तूट भरताना तात्यांची झारी त्याच्या पिंपाशी आली, की त्याच्या मनात येई, यात तात्यांची वाइन पडली तर हे माझे कसे राहील? लोक म्हणतील, चव तर म्हाताऱ्याच्या हातची आहे. एका सोमवारी त्याने धीर करून म्हटले, "माझ्या पिंपाचं मी बघेन, तात्या."

"बघशील?" तात्यांनी विचारले आणि झारी पुढच्या पिंपाकडे नेली.

भानुदासने काही बघितले नाही. दुसऱ्याच्या वाइनचा थेंबही आत जाऊ नये, म्हणून त्याने बूचच उघडले नाही. पिंपावर हात फिरवायचा, धूळ पुसायचा आणि परत यायचा. श्रावण गेला, भाद्रपद गेला. नवरात्रात त्याने बूच काढले, तेव्हा आत चार बोटे रिकामी जागा होती आणि त्या जागेतून एक बारीक आंबूस वास वर आला.

त्याने तात्यांना सांगितले नाही. सांगायला तो दोनदा ओसरीवर आला आणि दोन्ही वेळा पाणी पिऊन परत गेला. मग त्याला एक युक्ती सुचली. वाइन फार गार असली की तिचा वास उठत नाही, हे याच तळघरात तो शिकला होता. शेठजी यायच्या दिवशी पहाटेच त्याने आपल्या पिंपातली वाइन एका सुरईत काढली आणि मळ्यामागच्या झऱ्यात, खडकाच्या कपारीत, गळ्यापर्यंत बुडवून ठेवली. झऱ्याचे पाणी असे, की हात घातला तर बोटे वळत. पहाटेपासून तिथे राहिलेल्या वाइनला कसला वास येणार?

दहाच्या सुमारास शेठजी आले. माणूस धिप्पाड, बोलका. चढाने त्यांना धाप लागली होती.

"तात्या, दरसाल हा डोंगर वीतभर वाढतो बघा!"

"डोंगर आहे तेवढाच आहे, शेठजी," सगुणा पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाली, "पोट वाढतंय."

शेठजी खो खो हसले. "या घरात वाइन जुनी होत्ये, पण सूनबाईंची जीभ काही मुरत नाही. बरं, कुठंय या भल्या माणसाचं पिंप? आधी तेच चाखू."

भानुदास झऱ्यावरून सुरई घेऊन आला. तिच्यावर दव धरले होते. त्याने पेला भरला. सोनेरी रंग उन्हात सुरेख दिसला. तो पेला शेठजींपुढे धरणार, तोच तात्यांनी हात पुढे करून तो आपल्याकडे घेतला. चाखला नाही. दोन्ही तळहातांच्या ओंजळीत धरून ते बाकावर बसले आणि शेठजींकडे वळले.

"धाकटीचं लग्न ठरलं म्हणे?"

"ठरलं. मुलगा शिक्षक आहे. तात्या, पेला..."

"कुठल्या शाळेत?"

शेठजींनी शाळा सांगितली. तात्यांनी मुलाचे गाव विचारले, गावातली विहीर विचारली, शेठजींचा गुडघा विचारला, गुडघ्यावर कोणते तेल लावता तेही विचारले. पेला ओंजळीतच होता. त्याच्यावरचे दव हळूहळू विरले. भानुदासच्या कपाळावर मात्र तेवढेच घामाचे थेंब उभे राहिले.

"तात्या," तो न राहवून म्हणाला, "ऊब लागेल तिला."

"लागू दे."

"अहो, पेला देताय की अंडी उबवताय?" शेठजी म्हणाले. सगुणा पदराआड हसली. तात्याही हसले, पण ओंजळ काही सुटली नाही. आणखी बराच वेळ गेला. मग त्यांनी पेला शेठजींच्या हाती दिला.

शेठजींनी तो नाकाशी नेला आणि त्यांचे हसू थांबले. त्यांनी एक घोट घेतला, जिभेवर फिरवला, गिळला आणि पेला अलगद बाकावर ठेवला.

"फळ चांगलं आहे," ते सावकाश म्हणाले. "हात चांगला आहे. पण कोपऱ्यात कुठंतरी शिरका उभा आहे. लहान आहे अजून, पण आहे. हे पिंप मी नेत नाही, तात्या."

"बरोबर आहे," तात्या म्हणाले.

भानुदासला जमिनीने पोटात घ्यावे असे झाले.

"आणि आमची सहा पिंपं?" तात्यांनी विचारले. "चाखता ना?"

"ती कशाला चाखू?" शेठजी उठत म्हणाले. "मी पंधरा ठिकाणी जातो. सगळीकडे मला बर्फासारखा पेला मिळतो आणि घरी गेल्यावर कळतं आत काय होतं ते. आज पहिल्यांदा कुणी स्वतःच्या घरचा दोष ओंजळीत ऊब देऊन माझ्या हाती दिला. सहाच्या सहा पाठवून द्या."

शेठजी निघून गेले. भानुदास तळघरात जाऊन आपल्या पिंपाशी बसला. थोड्या वेळाने तात्या झारी घेऊन खाली आले आणि शेजारच्या ओंडक्यावर टेकले.

"तुम्हाला ठाऊक होतं," भानुदास म्हणाला.

"सकाळी झऱ्यावर पाय धुवायला गेलो होतो. सुरईची मान दिसली. वास तर पंधरा दिवसांपूर्वीच आला होता."

"मग बोलला का नाहीत? शेठजींसमोरच का?"

"तू ओसरीवर दोनदा आलास. म्हटलं, तिसऱ्यांदा येशील, तेव्हा सांगशील. थांबलो." तात्यांनी झारी मांडीवर घेतली. "भानू, थंडीनं दोष मरत नाही, निजतो. ही वाइन शेठजींनी नेली असती. कुणाच्या तरी घरी, चार माणसांत, गप्पांच्या उबेत तो जागा झाला असता. तिथं त्याला ओळखणारं कोणी नसतं आणि सावरणारंही कोणी नसतं. इथं जागा झाला तर मी आहे, तू आहेस, ही झारी आहे. दोष उघडा पडायचाच असेल, तर तो आपल्या माणसांच्या ओंजळीत पडावा. ज्या थंडीनं आपल्याला बी पिकेपर्यंत थांबायला शिकवलं, तिला तू आज दोषावर पांघरूण घालायला लावलंस. ते तिचं काम नव्हे."

भानुदासने आपल्या पिंपावर हात ठेवला. मग त्याने विचारले, "आता हिचं काय?"

"जेवढी आंबली तेवढी परत फिरायची नाही. आंबू दे पुरती. सगुणा वर्षभर लोणच्यात घालील, आणि प्रत्येक घासाला तुला आठवण करून देईल, ते वेगळं." तात्या उठले. "पिंप मोकळं झालं की ते शिरक्यालाच राहील. येत्या हंगामाला तुला दुसरं देऊ. तूट मात्र भरावी लागेल."

"तुमच्या वाइननं?"

"नाहीतर कशानं? माझ्या पिंपांत माझ्या बापानं ओतली, त्याच्यात त्याच्या चुलत्यानं. या तळघरात कुणा एकट्याचं असं एकही पिंप नाही, आणि म्हणूनच एकही रिकामं नाही."

त्या रात्री भानुदासने वडिलांना दुसरा निरोप लिहिला. 'पिंपावर नाव आले नाही. चूक माझी होती. मी इथेच राहतो आहे.' लिहिताना हात जड होता. पण चिठ्ठी दुमडली आणि त्याच्या ध्यानात आले, की नवरात्रापासून छातीवर बसलेले ओझे जागेवर नाही. तो गाढ झोपला.

पुढच्या हंगामाला त्याला नवे पिंप मिळाले. आता सोमवारी तो स्वतःच म्हणे, "तात्या, आधी माझ्याकडे," आणि बूच काढून बाजूला उभा राही. झारीची धार आत पडताना तिचा आवाज हळूहळू चढत जाई आणि काठाशी येऊन थांबे.

दसरा उलटला. शेठजी धापा टाकत वर आले, त्यांनी डोंगराला नावे ठेवली, सगुणाने त्यांच्या पोटाचे नाव काढले. भानुदासने तळघरातून पेला भरून आणला. तात्यांनी हात पुढे केला नाही. ते आपले सुपारी कातरत बसले होते.

भानुदास पेला स्वतःच्याच दोन्ही तळहातांत धरून बाकावर बसला आणि जरा चाचरत म्हणाला, "शेठजी, जावईबापू कसे आहेत?"

"अरे देवा," शेठजी म्हणाले, "आता हासुद्धा अंडी उबवायला बसला!"

पण ते थांबले. जावयाची शाळा, लेकीचा संसार, गुडघ्याचे नवे तेल, सगळे सांगून झाले. मग भानुदासने पेला पुढे केला. शेठजींनी वास घेतला, घोट घेतला, डोळे मिटले. दुसरा घोट घेतला, आणि तिसरा. बाकावर पेला ठेवला तेव्हा तो रिकामा होता.

"कोपरे झाडून घेतलेत," ते म्हणाले. "चव ओळखीची वाटते, पण नेमकी तात्यांची नव्हे. काय आहे यात?"

"द्राक्षं माझी," भानुदास म्हणाला, "आणि तात्यांचे सगळे सोमवार."

तात्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि सुनेला हाक मारली, "सगुणा, चुलीत ठसा घाल गं तापायला."

आपल्या कामातला दोष गारव्यात दडवण्याआधी, ज्याच्या ओंजळीत ऊब आहे अशा एखाद्याच्या हाती तो पेला आपणच द्यावा.