कासारणीची गाठ

फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की तेव्हा त्या नदीला नावसुद्धा पडलं नव्हतं.

नदीच्या दोन काठांवर दोन गावं, आणि मधे अंबाडीच्या दोरांचा साकव. तो कुणा राजानं बांधला नव्हता, कुणा एकाच्या मालकीचाही नव्हता. लागेल त्यानं वापरावा, जमेल त्यानं एखादी गाठ मारून जावी, अशी रीत. मात्र नवी गाठ आधी काठावरच्या दोन झाडांमधे बांधून दाखवायची. साकवाची निगा राखणारा म्हातारा राखण्या ती ओढून, भिजवून बघायचा. पसंत पडली, तरच ती साकवावर जायची.

एक फिरती कासारीण तिथून ये-जा करायची. तिची लेक पलीकडच्या गावात दिलेली. लेकीचे दिवस भरत आले होते, आणि सुईण होती अलीकडच्या गावात.

एकदा कासारीण साकवाच्या मधोमध असताना गाठ सरकली. ती कशीबशी वाचली; बांगड्या नदीत गेल्या.

राखण्या म्हणाला, "पाणी चढायच्या आत ही गाठ सुधारली नाही, तर साकव उतरवून ठेवावा लागेल."

"उतरवू नका, बाबा. सुईण पलीकडे जाणार कशी? गाठ मी बांधते."

"बांध की. बघतो मी."

तिनं बांधली. राखण्यानं हिसके दिले, गाठ हलली नाही. मग तो ती सोडवायला बसला. नखं लावली, उरलेले दात लावले. सुटेना.

"पक्की आहे, पोरी. पण नको."

"पक्की आहे, तर नको का?"

"दोर कुजला की बदलावा लागतो. तेव्हा तू कुठल्या बाजारात असशील? तुला हुडकत फिरू?"

"तुम्हाला तुमच्या गावचीच गाठ हवी, असं सांगा ना सरळ!" म्हणत ती तणतणत निघून गेली.

सकाळी मात्र ती परत झाडापाशी हजर.

दुसरी गाठ सोडवायला सोपी होती. पण पाणी ओतल्यावर ती आपली आपणच सुटली.

"ही तर माझ्या धोतराची गाठ झाली!" राखण्या म्हणाला. कासारणीलाही हसू आलं.

"कुठं चुकतंय ते दाखवा, बाबा."

त्यानं दाखवलं. तिनं एक पीळ वाढवला, दोराचं शेपूट मोकळं सोडलं. आता गाठ ओढून हलेना, भिजून सरकेना, आणि शेपूट मागं ढकललं की अलगद सुटे.

"छान. आता दोन्ही काठांवरच्या माणसांना शिकव."

"वेळ कुठाय? पाणी चढतंय!"

"म्हणूनच."

ती शिकवायला बसली. कुंभार कुरकुरला, "सावकाश गं, बाई. आमची बोटं मातीतली." तिनं त्याला पुन्हा पहिल्यापासून दाखवलं. मग गाठ साकवावर चढली, आणि कासारीण लेकीकडे गेली.

पूर आला. वाहत आलेल्या ओंडक्यानं साकवाचा एक दोर तोडला. त्याच दिवशी लेकीला कळा सुरू झाल्या. राखण्या तापानं अंथरुणावर, कासारीण लेकीच्या उशाशी. दोर तुटल्याचं कानावर आलं, तशी 'आता सुईण कसली येते,' म्हणत कासारणीनं डोळे घट्ट मिटून घेतले.

तोच दारात ओलीचिंब सुईण उभी!

"दोर तुटला होता ना? बांधला कुणी?" कासारणीनं विचारलं.

"कुंभारानं. जुना सोडवला, नवा बांधला. तुझीच गाठ म्हणे. सरक आता, पाणी तापव."

थोड्या वेळानं घरात बाळाचं रडणं घुमलं.

मुलांनो, आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: जे सगळ्यांसाठी बांधायचं, ते आपल्यामागे इतरांनाही सोडवता आणि बांधता आलं पाहिजे.