पदर नसलेली पैठणी

शुद्धलेखन चुकलं तर माफ करा. शाळा नववीत सोडली, शब्दही साधेच येतात. मी येवल्यात पैठणी विणतो.

रविवारी वाचनालयात एका मालिकेच्या शेवटच्या पर्वावर चर्चा होती. त्यात आई तीन पर्वं घर सोडून गेलेल्या मुलाची वाट बघते. शेवटी दार वाजतं आणि मालिका संपते.

द्वारकाकाकू कळवळून म्हणाल्या, "अहो, पोरगं आलं की नाही, एवढं तरी दाखवायचं!"

अध्यक्ष धारणकर सर हसले. "अपुरेपणा हीच कला, काकू. शेवट अडाण्यांना लागतो."

काकू खाली बसल्या. मीही घरी भांडून येवल्यात आलेला. माझी आई चार वर्षं वाट बघतेय. मला राहवलं नाही.

"सर, तुमच्या लेकीच्या लग्नाची पैठणी माझ्या मागावर आहे, ती उद्या घेऊन जा. पदर तेवढा विणणार नाही."

"अरे, पदराशिवाय पैठणी कसली?"

"अपुरेपणा हीच कला ना, सर?"

कुणी हसलं नाही. सरांनी काकूंकडे पाहिलं. मग म्हणाले, "पदर विण बाबा. काकूंचं बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माग बंद ठेवला, पहिल्या एसटीनं गावी गेलो आणि दार वाजवलं.

"कोण आहे?" आतून आईनं विचारलं.

"मी आलोय, आई."