गालावरची फुलं

फार पूर्वीची गोष्ट. धुकं जिथं सकाळी डोंगरावरून उतरून शेतांच्या बांधांवर बसायचं आणि ऊन आलं तरी उठायचा कंटाळा करायचं, अशा एका गावात एक आत्या राहायची. खरं तर तिच्या भावाला अजून मूल नव्हतं. पण गावातली पोरं तिला आधीपासूनच आत्या म्हणायची.

तिच्या हातात सदा क्रोशाची सुई असे. भाताला कढ येईपर्यंतसुद्धा तिची बोटं दोऱ्याच्या साखळ्या घालत बसत. ताटावरचा रुमाल असो, उशीचा अभ्रा असो, नाहीतर एखाद्या पोराचं झबलं असो, आत्याचा काठ लागला की साधं कापडही सणाचं दिसायचं. नमुने तिला कोणी शिकवले नव्हते. एक काठ तिनं बांधावरच्या धुक्याकडे बघून विणला होता, एक नदीच्या फेसाकडे बघून.

मग एके वर्षी वहिनीला दिवस गेले. आत्याला आनंद कुठं ठेवू नि कुठं नको असं झालं.

त्या गावात रिवाज होता, बाळ जन्मायच्या आधी त्याचा कपडा शिवायचा नाही. जन्मल्यावरही पहिले काही दिवस बाळाला आईच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्यात गुंडाळायचं. नवं दुपटं आत्यानं आणायचं, तेही मागाहून.

"रिवाज कपड्याचा आहे," आत्या म्हणाली. "काठ म्हणजे काही कपडा नव्हे. काठ विणायला काय हरकत?"

"तुम्हाला कोण अडवणार, वन्सं?" वहिनी हसून म्हणाली. "मी अडवलं तर माझ्याच पदराला काठ लावाल."

आत्या विणू लागली. कापडच नव्हतं, त्यामुळं मापही नव्हतं. मधे हाताएवढी जागा सोडून काठ गोल गोल बाहेर वाढत चालला. आधी वाटाण्याची फुलं आली, मग कैऱ्या, मग राघू. वहिनीचं पोट वाढत गेलं तसा काठही वाढला. शेवटच्या फेऱ्यांत आत्यानं मोर विणले, पिसाऱ्यावरच्या डोळ्यांसकट. आजूबाजूच्या गावांतून बायका बघायला येऊ लागल्या. बघताना कुणी मोठ्यानं बोलत नसे, जणू राघू उडून जातील.

बातमी डोंगरावरच्या गढीत गेली. राणीसाहेबांनी निरोप पाठवला, "बारशाला आम्ही स्वतः येऊ. काठ मनाला आला, तर आत्यानं गढीवर येऊन राहावं. गढीतले पडदे, चादरी, उशा, सगळ्याला तिचाच काठ लागेल."

त्या दिवशी आत्याची सुई हातातून दोनदा निसटली. एवढं मोठं सुख तिनं कधी मागितलंही नव्हतं.

बाळ जन्मलं. आईच्या जुन्या लुगड्यात ते असं निजायचं, की उठवून दूध पाजावं लागे.

मग आत्यानं दुपटं आणलं. कापडाप्रमाणं काठ घ्यायचा सोडून तिनं काठाप्रमाणं कापड कापलं होतं. मधे कापडाचा एवढासा तुकडा, आणि भोवती सगळी बागच बाग. फुलं ताठ उभी राहावीत म्हणून तिनं त्यांना पेजेची खळही दिली होती.

बाळाला त्या दुपट्यात ठेवलं आणि बाळ रडू लागलं. ते रडतच राहिलं. जरा डोळा लागायचा, मान वळायची, की पुन्हा दचकून टाहो.

बाळाला तेल लावायला येणारी सुईण म्हणाली, "बाई गं, हे दुपटं आहे का बाभळीचं कुंपण?"

"तुझं आयुष्य धडुत्यांत गेलं," आत्या म्हणाली. "तुला मोर काय कळणार?"

"मोर कळतो की. पण मोरावर कुणी निजत नाही," असं म्हणून सुईण तेलाची वाटी घेऊन गेली.

वहिनीच्या मनातही तेच होतं. पण बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आत्या रुसली तर नाव कोण सांगणार? वहिनी बाळाला खांद्यावर घेऊन ओसरीवर येरझाऱ्या घालू लागली.

एके सकाळी बाळाच्या गालावर बारीक लाल फुलं दिसली. आत्या हरखून गेली. "बघा गं बघा! सटवाईनं कपाळावर लिहायचं सोडून गालावर नक्षी काढली!" बायकांनी हात जोडले. मग आत्याच्या मनात आलं, एवढं सुंदर बाळ, एवढं सुंदर दुपटं, कुणाची तरी नजर लागली असणार. तिनं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. काठाला काळ्या दोऱ्याची आणखी एक फेरी वाढवली. टोपड्याला काठ लावला, झबल्याच्या गळ्यालाही लावला.

बाळ अजून रडू लागलं. रडून रडून त्याचा आवाज बसला. दूध ओढायचीही ताकद त्याच्यात राहिना.

बारशाचा दिवस आला. संध्याकाळी राणीसाहेब येणार होत्या. दुपारी वहिनी म्हणाली, "वन्सं, जरा धरता का याला? मला उभ्या उभ्या झोप येतेय."

आत्यानं बाळाला घेतलं आणि पाळण्याखाली आडवी झाली. बाळ तिच्या छातीवर, तिच्या विटक्या लुगड्यावर पडलं आणि कधी नव्हे ते गप्प झालं. आत्यानं दुपट्याची घडी गालाखाली घेतली. बाहेर नदी हळू वाहत होती. आत्याचा डोळा लागला.

स्वप्नात ती आपल्याच काठात चालत होती. फुलं माणसाएवढी झाली होती. राघू पांढरे होते, मोरही पांढरे, वरून धुकं झिरपत होतं. सगळं इतकं सुंदर होतं की तिला रडू आलं. चालून चालून ती दमली. बसावं म्हटलं तर खाली गाठी. टेकावं म्हटलं तर पाठीला गाठी. खूप लांब, मधोमध, कमळाच्या पानाएवढी साध्या कापडाची जागा दिसत होती. ती तिकडं चालू लागली, पण जागा काही जवळ येईना.

ती दचकून उठली. बाळाला हळूच लुगड्याच्या घडीवर ठेवलं आणि तोंड धुवायला हंड्यावर वाकली. पाण्यात तिला तिचा चेहरा दिसला.

गालावर लाल फुलं उमटली होती. पाच पाकळ्यांचं वाटाण्याचं फूल, आणि त्याच्या शेजारी मोराच्या पिसाऱ्याचा डोळा.

आत्या बाळाकडे आली. तिनं त्याचा गाल बघितला. तेच फूल होतं, तोच डोळा होता.

वहिनी जागी होऊन आली, तिनं आत्याचा गाल बघितला आणि तिला हसू आवरेना. मग आत्याचे डोळे बघितले आणि तिचं हसू थांबलं.

"सटवाई नव्हती गं," आत्या म्हणाली. "मीच होते."

तेवढ्यात लांब डोंगरावर तुतारी वाजली. राणीसाहेबांचा मेणा गढीवरून निघाला होता.

"वन्सं, आजचा दिवस राहू द्या," वहिनी घाईनं म्हणाली. "राणीसाहेब बघून जातील, मग उद्या काढू. नाहीतर काठ कापडापासून सोडवून नुसता दाखवा."

"बारशाला बाळ दुपट्यातच दाखवावं लागतं. तोवर त्यानं रडतच राहायचं का?" आत्या म्हणाली. "आणि काठ वेगळा ठेवला, तर उद्या मी तो पुन्हा लावीन. माझे हात मला माहीत आहेत."

तिनं शेवटची गाठ शोधली, दातानं तोडली आणि दोरा ओढला.

क्रोशाचं काम विणायला महिने लागतात, उसवायला एक टोक पुरतं. आधी काळी फेरी गेली. मग मोर एकेक करून पिसारा मिटत गेले. राघू दोऱ्यावरून सरसर निघून गेले. कैऱ्या गेल्या, फुलं गेली. वहिनी गुंडा गुंडाळत होती आणि तिचेच डोळे भरून येत होते. पांढरा दोरा नाकासमोरून पळताना बाळ टक लावून बघत होतं. बघता बघता त्याच्या पापण्या जड झाल्या.

आत्यानं वहिनीचं जुनं लुगडं दुहेरी दुमडलं. त्याच्या कडेनं तिनं एकच बसकी फेरी विणली, मुंग्यांच्या रांगेएवढी. मग तिनं त्या काठावरून आपला गाल फिरवून पाहिला, आणि बाळाला त्यात गुंडाळलं.

राणीसाहेब दारात आल्या. "कुठाय तो मोर?"

आत्यानं ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला, राणीसाहेब. निजलंय."

राणीसाहेबांनी दुपटं बघितलं. मग कुरळ्या दोऱ्याचा भलामोठा गुंडा बघितला. त्यांना सगळं समजलं. त्यांचा हात नकळत आपल्या जरीच्या गळ्याकडे गेला. तिथं कातडीवर एक जुना लाल वळ होता.

"आमच्यासाठी असं कुणी उसवलं नाही," त्या हलकेच म्हणाल्या. मग थोडं थांबून बोलल्या, "गढीवर येऊ नकोस, आत्या. तिथं सगळे बघणारे आहेत. निजणाऱ्यांच्या गावातच राहा."

त्या संध्याकाळी गावात कधी झालं नव्हतं असं बारसं झालं. बायकांनी पाळणा कुजबुजत म्हटला. आत्यानं बाळाच्या कानाशी वाकून अगदी हलकं 'कुर्र्र' केलं आणि नाव सांगितलं. रिवाजाप्रमाणं तिच्या पाठीत बुक्के बसले, पण कापसाचे असावेत असे. सुईणीचा तेवढा जरा जोरात बसला.

गुंड्यातल्या दोऱ्याचं आत्यानं पुढं पाळण्यावरचं तोरण विणलं, मोर, राघू, सगळं. ते उंचावर हलत राहिलं. त्यावर कुणाला गाल टेकायचा नव्हता. बाळ खालून बघायचं आणि बघता बघता निजायचं.

तात्पर्य: ज्याच्यासाठी करायचं, त्याच्या गालाला आधी विचारावं, बघणाऱ्यांच्या डोळ्यांना मागाहून.