शेंदूर फासलेली जाळी

एका खोलगट गावात सगळेच रंगारी. लाकडी खेळण्यांवर रोगण चढवायचं आणि मुलूखभर विकायचं, हा त्यांचा पिढीजात धंदा. रंगवलेली खेळणी गावच्या एकाच मोठ्या खोलीत निखाऱ्यांच्या उबेवर वाळत. त्या खोलीची राखण येसाजीकडे होती.

ओल्या रोगणाची वाफ धुरांड्यातून वर जाई. पण गावाभोवती डोंगर, वारा म्हणून आत शिरत नसे. मग ती गोडसर वाफ हळूहळू घरांवर उतरे. भरदुपारी माणसं ओट्यावर बसल्या बसल्या पेंगत. गाई चालता चालता थांबत आणि कुठं निघालो होतो तेच विसरत. सगळ्यांना रंगीबेरंगी स्वप्नं पडत. लोक म्हणत, आपल्या गावावर झोपेची कृपा आहे. कृपा कसली डोंबलाची! पण पेंगणाऱ्याला सांगणार कोण?

येसाजीचे डोळे उघडले ते लेकीमुळे. तुळसा दुधाचे दात पडायच्या वयाची. आधी ती खेळता खेळता झोपू लागली, मग जेवता जेवता. एकदा दिवस कलला तरी उठेना. हलवून हलवून जागी केली, तेव्हा म्हणाली, "बाबा, तिकडं छान होतं. मी उगाच आले."

धंदा बंद करावा तर गावानं खायचं काय? येसाजी टेकाडावरच्या चिमाबाई कुंभारणीकडे गेला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मातीची एक जाळी केली, मधाच्या पोळ्यासारखी भोकाभोकांची. भाजून झाल्यावर तिच्यावर एका पांढऱ्या धातूची भुकटी इतकी विरळ पसरली की दिसूसुद्धा नये. जाळी धुरांड्यात निखाऱ्यांवर बसवली. ती तापली, आणि वाफ तिला शिवली की जाळ न होताच जळून जाऊ लागली. वर निघे ती नुसती ऊन हवा. अशानं धातू झिजणार नाही का, असं येसाजीनं विचारलं.

चिमाबाई म्हणाली, "वाटसरू ओसरीवर टेकतो, दम टाकतो, निघून जातो. ओसरी झिजते होय? ती मोकळी तेवढी ठेव."

गाव जागं झालं. तुळसा अंगणभर हुंदडू लागली.

आता या गावाची एक रीत होती. उपकार करणाऱ्याला शेंदूर फासल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. विहिरीला पाणी लागलं, लाव शेंदूर. म्हैस सुखरूप व्याली, लाव गोठ्याच्या खांबाला. जाळीनं तर त्यांची लेकरं जागी केलेली. निखारे निवू देऊन येसाजीनंच पुढं होऊन, भरल्या डोळ्यांनी, जाळीला तेल-शेंदूर माखला. नारळ फुटला, प्रसाद वाटला.

आणि वाफ पुन्हा घरांवर उतरू लागली. देव कोपला, म्हणाले लोक, आणि आणखी शेंदूर थापला. येसाजीनंही थापला. थर जितका जाड, तितकी झोप गाढ. एके सकाळी तुळसा काही केल्या उठेना. श्वास चालू होता, पण अडखळत.

निरोप मिळताच चिमाबाई नवी जाळी घेऊन उतरली. येसाजीची लाल बोटं पाहून तिनं कपाळाला हात लावला. शेंदूर भोकाभोकांत बसला होता, भुकटीत मुरला होता. ती जाळी आता धुऊनही कामाची नाही, काढूनच टाकायला हवी, असं तिनं सांगितलं. पण धुरांड्यापुढं गाव आडवं उभं राहिलं. देवाला हात लावलास तर गावाचं वाटोळं होईल, असं सगळे बजावू लागले. देवाचं भय येसाजीलाही होतंच.

"कोपायचं तर माझ्यावर कोपू दे," तो म्हणाला. "माझी लेक उठू दे."

त्यानं जाळी ओढून काढली. तिचे तुकडे झाले. बायांनी डोळे मिटून घेतले. त्याच जागी त्यानं नवी कोरी जाळी बसवली आणि निखारे फुलवले.

वाफ विरत गेली. दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात आली, तेव्हा तुळसानं डोळे उघडले आणि भाकरी मागितली. खाऊन झाल्यावर बापाचं बोट धरून ती धुरांडं बघायला गेली. आत नुसती मातकट जाळी, ना शेंदूर, ना फूल.

"बाबा, देव कुठं गेला?"

येसाजीनं तिला उचलून कडेवर घेतलं. "कामाला लागलाय, बाळा."

तात्पर्य: ज्यानं आपलं भलं केलं त्याला देव्हाऱ्यात कोंडू नये, त्याला त्याचं काम करू द्यावं, हाच त्याचा खरा मान.