पाण्याची एकच वाट

त्या राज्यात पाणी एकच होतं आणि त्याच्याकडे जाणाऱ्या वाटा पुष्कळ होत्या. पाणी होतं दूर, कड्यांच्या कुशीत. लांबून ते दिसायचं नाही, त्याचा वासही यायचा नाही. मध्ये नुसती वाळू, खडक आणि काटेरी झुडपं. त्यामुळे आपल्या मनाने कुणी निघत नसे. आधी वाटाड्याला विचारायचं, मग पाऊल उचलायचं, अशी तिथली रीत होती.

वाटाडे तिघे होते. उंटचाचा, कासवखाला आणि शेळीबी. तिघांनी आपापल्या वाटा वडीलधाऱ्यांकडून तोंडपाठ घेतल्या होत्या आणि त्या वडीलधाऱ्यांनी त्यांच्या वडीलधाऱ्यांकडून. कुणी विचारायला आलं की वाटाडे आधी त्याचीच चौकशी करत. तू कोण, पाठीवर काय, सोबत लेकरू आहे का, आज वारा कुठून आहे? मग वाट सांगत. एकाला सांगितलेली वाट दुसऱ्याला सांगतीलच असं नाही. सांगून झालं की तिघेही शेवटी एकच वाक्य जोडत, "बाकी पाण्यालाच ठाऊक." सकाळभर एकमेकांच्या वाटा खोडून काढायच्या आणि दुपारी एकाच बाभळीखाली सावलीला बसायचं, हा त्यांचा परिपाठ.

या रीतीत खोट होती आणि ती सगळ्यांना दिसत होती. रेड्यांनी कोवळा पाला पोचवला की उंटचाचाची वाट आखूड व्हायची. कोल्हा तिघांनाही विचारून यायचा आणि सोयीची तेवढी वाट उचलायचा. हाजरा नावाची एक हरिणी होती. तिचा डावा मागचा पाय लहानपणी खडकात सापडून अधू झाला होता. तिला चाचा खालाकडे पाठवायचे, खाला बीकडे, आणि बी म्हणायची, "पायाचा मामला आहे बाई, चाचांनाच विचार." गेल्या उन्हाळ्यात या फेऱ्यांतच तिचं पाडस तहानेने हातचं जाता जाता राहिलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नफीसा परत आली. नफीसा ही साळिंदरांची मुलगी, हाजराची बालमैत्रीण, दूरदेशी शिकलेली. तिथे प्रत्येक वाट दगडावर कोरलेली असे. कुणाला विचारायला नको, कुणाला पाला पोचवायला नको. पाडसाची हकिकत ऐकून नफीसाचे काटे असे ताठ उभे राहिले की तिला स्वतःच्याच बिळात शिरता येईना.

"पुढच्या उन्हाळ्यात तू कुणाच्या दारात उभी राहणार नाहीस," ती हाजराला म्हणाली. "रेड्याला जी वाट, तीच तुला. दगडावर कोरलेली."

"आणि माझ्या पायाचं काय?"

"दगडापुढे सगळे पाय सारखे!"

हे वाक्य नफीसाला इतकं आवडलं की तिने ते लगेच आपल्या एका काट्याने मातीत लिहून ठेवलं.

मग ती गेंडेसरकारांकडे गेली. प्रजा वाटेल त्या दिशेने पाण्याला जाते, हे सरकारांना फार दिवस खुपत होतं. त्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं.

"एकच वाट. म्हणजे वेसही एकच?"

"हो सरकार."

"आणि वेशीवर पहारा आमचा?"

याचा नफीसाने विचार केला नव्हता. पण त्यात वावगं असं तिला काही दिसलं नाही. सरकारांनी जागच्या जागी कोल्ह्याला दिवाण नेमलं, कारण तिन्ही वाटाड्यांची मतं ठाऊक असलेला राज्यात तो एकटाच होता.

वाटाड्यांना दरबारात बोलावणं गेलं.

"सांगतो की," उंटचाचा म्हणाले, "पण वाट कुणासाठी?"

"सगळ्यांसाठी," दिवाणजी म्हणाले.

"बरं. मग सगळ्यांच्या पाठीवर काय आहे?"

"काही नाही, चाचा. सगळ्यांच्या पाठीवर काहीच नाही. बोला आता."

वाटाडे बोलले आणि दिवाणजींनी निवड केली. सुरुवात उंटचाचाची घेतली. ती वाट रुंद आणि सपाट होती, तिच्यावरून सरकारांची स्वारी शोभून दिसली असती. मधला भाग कासवखालाचा घेतला, कारण तो कपारीखालून गारव्याने जात होता. शेवट शेळीबीचा, कारण तो सर्वांत जवळचा. चाचाची वाट जिथे संपते तिथून खालाची वाट बरीच लांब सुरू होते, हे नफीसाच्या लक्षात आलं आणि तिने ते बोलूनही दाखवलं.

दिवाणजींनी कानाची पाळी धरली. "बाई, यात एक शब्द आपल्या पदरचा नाही. सगळे बुजुर्गांचे. चूक होईलच कशी?"

जोडाच्या जागी त्यांनी 'तिथून पुढे' एवढंच कोरायला लावलं. शेवटचं 'बाकी पाण्यालाच ठाऊक' मात्र नफीसाने स्वतः गाळलं. शंका काय कोणी दगडावर कोरतं? दगड वेशीत उभा राहिला. वाटाड्यांना यापुढे तोंड उघडायची मनाई झाली. त्या दिवशी नफीसाला आनंदाने रडू आलं, हे खरं आहे.

उन्हाळा आला. सर्वांत आधी रेडे निघाले. उंटाच्या वाळूत पाण्यावाचून त्यांचे गुडघे मोडले. जे तगले त्यांना खालाची कपार सापडेपर्यंत दिवस कलला आणि सापडली तेव्हा ते तिच्यात अडकले. एक दांडगा रेडा कसाबसा पलीकडे निघाला, तर समोर दरी आणि शेळीबीची उडी. तो दरीकडे बघत उभा राहिला, मग खाली बसला, आणि शेवटी परत फिरला.

दिवाणजींनी दगड वाचून पाहिला. अक्षर न अक्षर बरोबर होतं. तेव्हा दोष चालणाऱ्यांचा, हे उघड झालं. दुसऱ्या दिवसापासून वेशीत प्रत्येकाच्या पाठीवर गवत भरलेली उंटासारखी मदार बांधण्यात येऊ लागली, त्यावर कवच म्हणून उलटी टोपली, आणि हनुवटीला शेळीची दाढी. एवढं झालं की पहारेकरी म्हणत, "हां, आता जा."

हाजराची पाळी आली. ती मदार, टोपली आणि दाढीसकट तीन पायांवर थरथरत उभी होती. शेजारी पाडस जीभ बाहेर टाकून पडलं होतं. नफीसा वेशीतच उभी होती; हाजरा तिला ओरडून बोलली नाही.

"दगडापुढे सगळे पाय सारखे म्हणालीस ना? मग हा माझा पाय तूच त्याला दाखव."

नफीसा दगडाकडे वळली. वरपासून खालपर्यंत तिने तो वाचला. त्यात पाडसही नव्हतं आणि पायही नव्हता. ती हाजराजवळ आली, खाली बसली आणि तिने तो पाय हातात घेतला.

"कशावर दुखतो? चढावर की उतारावर?"

"उतारावर. चढ निभतो मला."

"आणि हे पाडस किती चालेल?"

"विचारतेस काय! बघ ना त्याच्याकडे."

नफीसाने मदार सोडली, टोपली फेकली, दाढी काढून पहारेकऱ्याच्या हातात दिली. तो काय करावं म्हणून दगडात शोधू लागला, तेवढ्यात ती दोघांना घेऊन वेशीच्या बाजूने निघून गेली. चालताना ती मनात विचारत राहिली. चाचा खडक का टाळतात? खाला सावली का सोडत नाही? बी नेमकी तिथेच उडी का मारते? एकेक कारण सापडत गेलं तशी ती वळत गेली, सावलीसावलीने, चढाचढाने. ही वाट तिघांपैकी कुणीच कधी सांगितली नव्हती. ऐकली असती तर तिघेही सकाळभर भांडले असते.

ऊन कलायच्या आत पाडसाने पाण्यात तोंड बुडवलं. नाकाडासकट, कानांपर्यंत. हाजरा त्याला मागे ओढत होती आणि हसत होती.

मागे झुडूप खसखसलं. दिवाणजी गुडघ्यांवर बसून दोरीने पावलं मोजत होते.

"वा बाई! सिद्ध झालेली वाट! जुना दगड आजच पाडतो."

"दिवाणजी, ही फक्त हिच्या पायाची वाट आहे."

"तेही घेतलंय की," दिवाणजी म्हणाले आणि त्यांनी वाळूत ओढत गेलेली एक लांब रेघ कौतुकाने दाखवली.

दुसऱ्या दिवशी वेशीत नव्या दगडावर छिन्नी चालली होती आणि वेशीपासून कड्यापर्यंत रांग लागली होती. सर्वांत पुढे गेंडेसरकार, त्यांच्यामागे रेडे, मग ससे, मग मुंगसं, सगळे गंभीर चेहऱ्याने डावा मागचा पाय ओढत चालले होते. रांगेच्या अगदी शेवटी साप होता, आणि तो फार काळजीत पडला होता.