स्टाफरूमसमोरचं दार

प्राचार्य हुपरीकरांनी गेल्या वर्षी कॉलेजात समुपदेशन कक्ष उघडला, तोही स्टाफरूमच्या अगदी समोर. यंदा आलेल्या पाहुण्यांना ते दाराशी उभं राहून ऐटीत सांगू लागले, "वर्षभरात इथं एकही विद्यार्थी फिरकला नाही. आमची मुलं ठणठणीत आहेत!"

स्वागताला उभी असलेली विद्यार्थिनी अवनी म्हणाली, "सर, तुम्हीच जरा आत जाऊन मन मोकळं करून या ना. आम्ही सगळे इथं थांबतो."

सरांनी हसत कडीला हात घातला आणि मागं पाहिलं. स्टाफरूममधले झाडून सगळे त्यांच्याकडेच बघत होते. हात खाली आला.

"खोली उद्याच ग्रंथालयामागं हलवू," ते पुटपुटले. "पोरी, आधी का नाही बोललीस?"

"मलाही उशिराच कळलं, सर. माझी मैत्रीण केतकी रोज या दारापर्यंत येऊन परत फिरायची. कॉलेज सोडून जाताना सांगितलं तिनं."